रोमन कसबी आणि त्यांची दैवते

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळांत प्राचीन रोमचा देखावा वारंवार योजलेला आढळतो. २०११ साली ‘गॉड्स अँड हीरोज : रोम रायझिंग’ नावाचा असाच एक खेळ निघाला होता. निरनिराळ्या ठिकाणचे खेळाडू आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्यात भाग घेत. तो खेळ पुढे बंद पडला. परंतु त्याची रचना लक्षात ठेवण्याजोगी आहे. खेळाडूने प्रथम आपली भूमिका निवडावयाची. कोणी सैनिक होई, कोणी ग्लॅडिएटर म्हणजे आखाड्यात शस्त्राने लढणारा योद्धा होई, तर कोणी पुरोहित. मग प्रत्येकाने आपले एक आराध्य दैवत निवडावयाचे. त्या दैवताच्या कृपेने खेळाडूस विशेष सामर्थ्य लाभे आणि त्याच्या बळावर तो राक्षसांशी व शत्रूंशी झुंजत असे.

दोन हजार वर्षांपूर्वीचा एखादा रोमन नागरिक हा खेळ पाहता, तर ज्युपिटर, मार्स ही देवतांची नावे ऐकून त्यास आनंदच झाला असता. परंतु लगेच त्याने विचारले असते, ‘ह्या रोममध्ये भटारी कोठे आहे? चांभार कोठे आहे? वाजंत्री कोठे आहेत?’ रोम नगरी केवळ सैनिकांनी व पुरोहितांनी भरलेली नव्हती. तेथे धोबी होते, रंगारी होते, गाढवे हाकणारे होते आणि शाळेत जाणारी मुलेही होती. ह्या प्रत्येकाचे कोणते ना कोणते दैवत असे. मात्र ते त्याने निवडलेले नसे; बहुधा त्याच्या कामाबरोबरच ते त्याच्याकडे येई. शिवाय एकाच दैवताला धरून बाकीची सोडून द्यावी, असा नियमही नव्हता. एकच मनुष्य पेरणीच्या वेळी एका देवतेची, प्रवासास निघताना दुसरीची आणि आजारपणात तिसरीचीच प्रार्थना करी.

कसबी लोकांचे संघ रोममध्ये फार प्राचीन काळापासून होते. ते नूमा ह्या राजाने स्थापन केले, अशी परंपरागत कथा आहे. रोमचा संस्थापक रोम्युलस. त्याच्यानंतरचा राजा नूमा. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क ह्याने नूमाच्या चरित्रात ह्या संघांची यादी दिली आहे. वाजंत्री, सोनार, सुतार, रंगारी, चांभार, कातडी कमावणारे, तांबट आणि कुंभार असे आठ धंद्यांचे आठ संघ आणि उरलेल्या सर्व धंद्यांचा मिळून एक. त्या काळी नगरात लॅटिन व सॅबाइन ह्या दोन जमातींचे वैर धुमसत होते. लोक आपल्याला जमातीच्या नावाने ओळखतात तोवर हे वैर शमणार नाही. ते धंद्याच्या नावाने ओळखू लागले, तर जुनी फूट आपोआप बुजेल, अशी म्हणे नूमाची कल्पना होती. प्रत्येक संघास त्याने आपापल्या सभा व आपापले देवकार्य नेमून दिले. कथेत इतिहास किती, हे बाजूला ठेवले, तरी ह्या यादीत वाजंत्र्यांचे नाव सर्वांत प्रथम आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

वाजंत्र्यांना एवढा मान का होता? रोमन देवळात पशूचा बळी देताना पुरोहित ठरावीक प्रार्थना म्हणे. तिच्यातील एक शब्द चुकला किंवा मध्येच काही अशुभ आवाज कानी पडला, तर ते सर्व कार्य व्यर्थ मानले जाई व पुन्हा प्रारंभापासून करावे लागे. म्हणून प्रार्थना चालू असता एक वादक सारखा टिबिया वाजवीत राही. टिबिया म्हणजे एकाच वेळी तोंडात धरावयाच्या दोन नळ्यांचे वाद्य. त्याचा सूर सनईच्या जातीचा असे. त्या सुरात कुत्र्याचे भुंकणे, रस्त्यावरील भांडण, पोराचे रडणे असे सारे आवाज बुडून जात. सारांश, वाजंत्री नसेल तर यज्ञ नाही, आणि यज्ञ नसेल तर रोमचे कोणतेही राजकार्य पुढे सरकत नसे.

इ. स. पूर्व ३११ मध्ये ह्याचा प्रत्यय साऱ्या नगरीस आला. ज्युपिटरच्या देवळात वर्षातून एकदा पंगत करण्याचा वाजंत्र्यांचा जुना हक्क होता. सेन्सॉर नावाच्या अधिकाऱ्यांनी तो काढून घेतला. वाजंत्र्यांनी ना आरडाओरडा केला, ना दगड उचलला. ते सर्वच्या सर्व आपली वाद्ये काखेस मारून रोम सोडून निघाले आणि टिबुर नावाच्या शेजारच्या गावी जाऊन राहिले. आजचे टिवोली ते हेच. इकडे रोममध्ये यज्ञ अडले. सेनेटसारख्या मातबर सभेला घाम फुटला. तिने टिबुरकडे वकील धाडले आणि काहीही करून आमचे वादक परत पाठवा, अशी विनंती केली.

टिबुरच्या लोकांनी वाजंत्र्यांना बोलावून पुष्कळ समजावले. पण कोणी ऐकेना. तेव्हा त्यांनी युक्ती केली. एका सणाच्या दिवशी, भोजनसमयी वाद्य वाजवावयास या, असे सांगून त्यांनी वादकांना आपापल्या घरी नेले आणि त्यांना भरपूर मद्य पाजले. ‘ह्या मंडळींना मद्य फार प्रिय असते,’ अशा अर्थाचा शेरा हा प्रसंग सांगताना इतिहासकार लिव्ही ह्याने मारला आहे. वादक गाढ झोपी गेल्यावर त्यांना गाड्यांत घालून रातोरात रोमला आणण्यात आले. सकाळी ऊन डोळ्यांवर आले तेव्हा ते जागे झाले, तो आपण रोमच्या भर चौकात गाड्यांत पडलो आहोत असे त्यांना आढळले! भोवती लोकांची गर्दी जमली होती. कोणी त्यांना दटावले नाही. उलट, आता येथेच राहा, असे सर्वांनी त्यांना विनविले. यज्ञात वाजविणाऱ्यांना देवळातील पंगतीचा हक्क परत मिळाला. शिवाय दरवर्षी तीन दिवस सजूनधजून, गातवाजवीत नगरभर मनसोक्त हिंडण्याची मोकळीक त्यांना देण्यात आली. हा वाजंत्र्यांचा सण १३ जूनला येई. तोंडावर मुखवटे आणि अंगात पायघोळ झगे घालून ते मिरवणुकीने जात आणि मिनर्व्हेच्या देवळाशी जमत; कारण मिनर्व्हा ही त्यांची देवता होती.

मिनर्व्हा ही बुद्धीची व हस्तकौशल्याची देवता. जे काम शिकावे लागते, ते तिच्या अधिकारात येई. म्हणून तिच्या भक्तांची यादी फार लांब होती. सूत कातणाऱ्या स्त्रिया, धोबी, रंगारी, चांभार, सुतार, वैद्य, चित्रकार हे सर्व तिचेच. १९ मार्चला तिचा मोठा उत्सव सुरू होऊन तो पाच दिवस चाले. ह्या दिवसांत शाळांना सुट्टी असे, हे रोमन मुलांना विशेष महत्त्वाचे वाटत असल्यास नवल नाही. गुरुजींना मात्र ह्याच सुमारास विद्यार्थ्यांकडून आपले शुल्क मिळावयाचे असे, आणि देवीच्या नावावरून त्या शुल्कासच ‘मिनर्व्हल’ असे म्हणत. सम्राट ऑगस्टसच्या काळातील कवी ओव्हिड ह्याने रोमन सणांवर एक दीर्घ काव्य रचले आहे. त्यात त्याने शिक्षकांना देवीचा आदर राखण्याचा उपदेश केला आहे. कारण नवे विद्यार्थी तीच मिळवून देते.

मिनर्व्हेच्या भक्तांत मुले व शिक्षक होते, तर वेस्ता देवीच्या उत्सवात गाढवांनाही मान होता. वेस्ता ही चुलीच्या अग्नीची देवता. तिच्या गोल मंदिरात नगराचा अग्नी अखंड तेवत ठेवलेला असे. त्याची राखण करण्यासाठी सहा कुमारिका नेमलेल्या असत. सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलींतून त्यांची निवड होई आणि ३० वर्षे त्यांना ती सेवा करावी लागे. अग्नी विझला तर चाबकाचे फटके बसत. इतक्या लहान वयात आईबापांपासून दूर नेल्या जाणाऱ्या त्या मुलींना काय वाटत असेल, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

आता, जेथे चूल तेथे भाकरी. आणि जेथे भाकरी तेथे पीठ. रोममधील पिठाच्या मोठ्या दगडी जात्यांना गाढवे जुंपीत. वर्षभर ती बिचारी डोळ्यांवर झापडे बांधून त्याच त्या वर्तुळात फिरत राहत. ९ जूनला वेस्तेचा सण आला म्हणजे मात्र जाती थांबत. त्या जात्यांना फुलांच्या माळा घालीत आणि गाढवांच्या गळ्यात पावांच्या माळा बांधीत. ज्यासाठी गाढव वर्षभर राबले, तेच त्याला त्या दिवशी अलंकार म्हणून मिळे! इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात भटारखान्यांच्या भिंतींवर वेस्ता देवी आणि तिच्याजवळ उभे असलेले गाढव अशी चित्रे सापडली आहेत.

व्यापाऱ्यांचा देव मर्क्युरी. त्याचे देऊळ रोममध्ये इ. स. पूर्व ४९५ साली १५ मेच्या दिवशी उघडले गेले. ह्या देवळाची प्रतिष्ठा कोणाच्या हस्ते व्हावी, ह्याविषयी त्या वर्षीच्या दोघा कॉन्सलांत, म्हणजे सर्वोच्च अधिकाऱ्यांत, वाद जुंपला. वाद नुसत्या मानाचा नव्हता. जो प्रतिष्ठा करील, त्यानेच नगराच्या धान्यपुरवठ्यावर देखरेख करावयाची आणि व्यापाऱ्यांचा संघ स्थापन करावयाचा, असे ठरले होते. सेनेटने हा निर्णय लोकांवर सोपविला. कर्जाच्या ओझ्याने गांजलेले सामान्य लोक त्या वेळी दोघाही कॉन्सलांवर चिडलेले होते. त्यांनी दोघांनाही बाजूस सारले आणि मार्कस लेटोरियस ह्या सैन्यातील एका तुकडीनायकाला तो मान दिला.

मर्क्युरीच्या उत्सवाचे जे वर्णन ओव्हिडने केले आहे, ते वाचून हसू आल्यावाचून राहत नाही. कापेना वेशीजवळ मर्क्युरीचा झरा होता. व्यापारी तेथून घागर भरून पाणी आणी, त्यात लॉरेल वृक्षाची डहाळी बुडवी आणि ते पाणी आपल्या विकाऊ मालावर व स्वतःच्या डोक्यावर शिंपडी. मग तो देवाजवळ मागणे मागे, की आजवर मी ज्या खोट्या शपथा घेतल्या त्या ह्या पाण्याने धुऊन जावोत, आणि पुढे ज्या घेईन त्याही! मला नफा दे, आणि गिऱ्हाइकाला फसविल्याचा आनंदही दे. हे ऐकून मर्क्युरी वरून हसतो, कारण लहानपणी त्याने स्वतःच अपोलो देवाच्या गाई चोरल्या होत्या. रोममधील सगळे व्यापारी असे होते, असा ह्याचा अर्थ नव्हे. कवीला विनोदाची हौस होती, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर दैवतेही दूरदूरचा प्रवास करीत. कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात तेथे सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उघडकीस आले. त्यांत ब्राँझची एक लहानशी मूर्ती मिळाली. ती ग्रीकांच्या पोसायडन ह्या समुद्रदेवाची आहे. रोमन लोक ह्याच देवास नेपच्यून म्हणत. खलाशांचा हा देव सह्याद्री ओलांडून, समुद्रापासून इतक्या अंतरावरील नदीकाठच्या नगरात आला, तो अर्थातच व्यापाराच्या वाटेने. सध्या ही मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे.

सैनिकांचा देव मार्स हे सर्वश्रुत आहे. मार्च महिन्याचे नाव त्याच्यावरूनच पडले. परंतु हाच मार्स शेतकऱ्यांचाही रक्षक होता. कॅटो ह्याच्या शेतीविषयक ग्रंथात, शेताभोवती बळीचे पशू फिरवून मार्सची प्रार्थना कशी करावी, हे सविस्तर सांगितले आहे. पिकांवरील रोग, वादळ आणि दुष्काळ त्याने दूर ठेवावेत, गुरेढोरे व गुराखी सुखरूप राखावेत, असे मागणे त्यात आहे. प्रारंभीच्या रोममध्ये शेतकरी हाच सैनिक होता. पेरणी आटोपून तो लढाईस जाई. तेव्हा शेताचा राखणदार आणि रणांगणाचा देव एकच असावा, हे स्वाभाविक होते.

देवाशी सैनिकाचे नाते कसे असे, हे त्याने मागे ठेवलेल्या दगडांवरून कळते. इंग्लंडच्या उत्तरेस सम्राट हेड्रियन ह्याने इ. स. १२२ पासून बांधविलेल्या भिंतीच्या आसपास, तसेच राइन व डॅन्यूब नद्यांच्या काठी, रोमन सैनिकांनी उभारलेल्या दगडी वेदी मोठ्या संख्येने सापडतात. पुष्कळ वेदींच्या शेवटी चारच अक्षरे कोरलेली असतात : व्ही, एस, एल, एम. ती चार लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत आणि त्यांचा अर्थ असा : ‘नवस फेडला, आनंदाने, आणि देवता त्यास पात्र होती म्हणून.’ संकटात सैनिक नवस बोले; संकट टळले, की तो वेदी उभारून नवस फेडी. देवाने ऐकलेच नाही, तर नवस फेडण्याचे कारण उरत नसे. खेळामध्ये दैवताचे साहाय्य कळ दाबताच मिळते. रोमन मनुष्यास मात्र वाट पाहावी लागे. ते मिळेल की नाही, ह्याची त्यास खात्री नसे, आणि मिळालेच तर त्याचा मोबदला चुकवावा लागे.

ग्लॅडिएटरांच्या बाबतीत तर ही अनिश्चितता भयंकरच होती. त्यांतील बहुतेक गुलाम, युद्धकैदी किंवा गुन्हेगार असत आणि लोकांच्या करमणुकीसाठी त्यांना प्राण पणास लावावे लागत. पुष्कळशा आखाड्यांच्या भिंतीला लागून नेमेसिस देवीची एक लहानशी खोली असे. ही देवी माणसाचा गर्व उतरविणारी आणि ज्याचे त्याचे माप ज्याच्या त्याच्या पदरात घालणारी. इंग्लंडमधील चेस्टर येथील आखाड्यात अशा खोलीत १९६६ साली एक वेदी सापडली. सेक्स्टियस मार्सियानस नावाच्या तुकडीनायकाने ती नेमेसिसला अर्पण केली होती. देवीने आपणास दृष्टान्त दिला म्हणून आपण हे करीत आहोत, असे त्याने त्या दगडावर नमूद केले आहे. दृष्टान्तात त्याने काय पाहिले, ते मात्र लिहिलेले नाही.

ह्या दैवतांमुळे गरिबांच्या पदरात खरोखर काही पडत असे काय? सेरेस ह्या धान्यदेवतेच्या देवळाचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. रोममध्ये पॅट्रिशियन म्हणजे सरदार घराण्यांतील लोक आणि प्लेबियन म्हणजे सामान्य प्रजाजन ह्यांच्यात दीर्घकाळ संघर्ष चालला. इ. स. पूर्व ४९४ मध्ये कर्जबाजारी प्लेबियन लोक नगर सोडून बाहेरच्या टेकडीवर जाऊन बसले आणि आपले स्वतंत्र प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार मिळवूनच परतले. पुढच्याच वर्षी ॲव्हेंटाइन टेकडीच्या पायथ्याशी सेरेसच्या देवळाची प्रतिष्ठा झाली आणि ते देऊळ जणू प्रजाजनांची कचेरीच बनले. पूर्वी सेनेटने केलेले ठराव कॉन्सलांच्या मर्जीनुसार दडपले जात किंवा बदलले जात. इ. स. पूर्व ४४९ मध्ये असे ठरले, की प्रत्येक ठराव सेरेसच्या देवळात प्लेबियनांच्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात ठेवावा. प्रजेच्या प्रतिनिधीस जो इजा करील, त्याची मालमत्ता ह्याच देवळापाशी विकून टाकावी, असाही नियम झाला. कणसांच्या ह्या देवतेकडे अशा प्रकारे दप्तराची राखण आली.

लोकांनी एकत्र जमावे, हे मात्र पुढे रोमच्या राज्यकर्त्यांना आवडेनासे झाले. ज्युलियस सीझरने फार जुने संघ तेवढे राहू दिले व बाकीचे मोडून टाकले. इ. स. १११ च्या सुमारास निकोमिडिया नगरात मोठी आग लागली. तेव्हा आग विझविणाऱ्या १५० माणसांचा एक संघ स्थापन करण्याची परवानगी तेथील सुभेदार प्लिनी ह्याने सम्राट ट्रेजन ह्याच्याकडे मागितली. सम्राटाने ती नाकारली. अशा मंडळींना कोणतेही नाव द्या, थोड्याच दिवसांत ती राजकारण करू लागतात, असे त्याचे म्हणणे होते. आग विझविण्याची साधने घरमालकांना पुरवा, म्हणजे पुरे!

तथापि एका कारणासाठी गोरगरिबांना एकत्र येण्याची मोकळीक होती. ते कारण म्हणजे मृत्यू. अंत्यविधीच्या खर्चासाठी वर्गणी गोळा करावयाची असेल, तर महिन्यातून एकदा जमण्यास सेनेटच्या ठरावाने परवानगी दिली होती. रोमच्या दक्षिणेस लानुव्हियम नावाचे गाव आहे. इ. स. १३३ च्या १ जानेवारीस तेथील काही लोकांनी अशी मंडळी स्थापन केली आणि इ. स. १३६ मध्ये तिचे नियम दगडावर कोरविले. तो लेख आजही वाचता येतो. मंडळीची दैवते दोन : एक डायना देवी आणि दुसरा अँटिनोअस. अँटिनोअस हा सम्राट हेड्रियनचा लाडका तरुण, इ. स. १३० मध्ये तो नाईल नदीत बुडून मरण पावला, आणि सम्राटाने त्यास देवत्व दिले. डायना ही शिकारीची व वनांची देवता. परंतु १३ ऑगस्ट हा तिचा उत्सवदिन गुलामांच्या सुट्टीचा दिवस म्हणून पाळला जाई. लानुव्हियमच्या मंडळीत गुलामांनाही सभासद होता येत असे.

प्रवेशाच्या वेळी सभासदाने १०० सेस्टर्स आणि चांगल्या मद्याचा एक रांजण द्यावयाचा. त्यानंतर दरमहा ५ अस. चार अस मिळून एक सेस्टर्स होत असे, म्हणजे मासिक वर्गणी सव्वा सेस्टर्स. सभासद मरण पावला, की मंडळीच्या निधीतून त्याच्या अंत्यविधीसाठी ३०० सेस्टर्स निघत. त्यांपैकी ५० चितेपर्यंत सोबत चालणाऱ्यांत वाटावयाचे. सहा महिने वर्गणी थकविली, तर हा हक्क बुडे. कोणी गावापासून २० मैलांपलीकडे मरण पावल्याची वार्ता आली, तर तिघा सभासदांनी तेथे जाऊन त्याचा अंत्यविधी करावा, आणि त्यांना प्रवासखर्चासाठी प्रत्येकी २० सेस्टर्स द्यावेत. ओळखीपाळखीची माणसे जवळ नसताना परमुलखात बेवारशी पडावे लागेल, ही केवढी धास्ती त्या लोकांच्या मनात होती, हे एवढ्या एका कलमावरून दिसते.

ठरलेल्या दिवशी पंगत होई. यादीतील चार-चार सभासदांनी पाळीपाळीने तिची व्यवस्था करावयाची : प्रत्येकास दोन अस किमतीचा पाव, चार लहान मासे आणि मद्य. भोजनाच्या वेळी गोंधळ करण्यासाठी जो आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसेल, त्याला ४ सेस्टर्स दंड. जो दुसऱ्यास शिवीगाळ करील, त्याला १२. आणि मंडळीच्या प्रमुखाचा अपमान करणाऱ्यास २०. तक्रारी असतील, तर त्या सभेच्या दिवशी मांडाव्यात. सणाच्या दिवशी सर्वांनी आनंदाने जेवावे.

गुलामांविषयी दोन कलमे आहेत. गुलाम हा मालकाच्या मालकीची वस्तू मानला जाई. मेल्यावर त्याचा देहदेखील मालकाच्याच ताब्यात असे. मालकाने दुष्टपणाने तो देह अंत्यविधीसाठी देण्याचे नाकारले, तर काय करावयाचे? अशा वेळी त्या सभासदाची प्रतिमा करावी आणि तिच्यावर यथाविधी संस्कार करावेत, असे त्या दगडावर लिहिले आहे. दुसरे कलम सुखाचे आहे. सभासद असलेला कोणी गुलाम स्वतंत्र झाला, तर त्याने मंडळीस चांगल्या मद्याचा एक रांजण द्यावा.